खेड्यातील घरी काचतंतूची जोडणी

सातबाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, बाजारभाव, बँकेचे व्यवहार व मुलांच्या परीक्षांचे अर्ज अशी पुष्कळ कामे हल्ली इंटरनेटवरून करावी लागतात. यांपैकी बहुतेक कामांना मुदत असते. मुदतीच्या अखेरच्या दिवशी मोबाईलला रेंज मिळाली नाही म्हणून ज्याचा विम्याचा अर्ज राहून गेला, त्याला त्या हंगामात पीक बुडाल्यास भरपाई मिळत नाही. म्हणून घरी भरवशाची जोडणी असणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. मात्र ती विचारपूर्वक घेतली नाही, तर पैसे खर्च होऊनही पहिल्याच पावसाळ्यात ती बंद पडते.

गावापर्यंत तार कशी येते

ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. २०१५ साली तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात तारांची मांडणी कड्याच्या आकारात करण्याचे ठरले. अशा मांडणीत एका बाजूची तार तुटली, तरी दुसऱ्या बाजूने काम चालू राहते. तथापि ग्रामपंचायतीच्या कचेरीत तार आली म्हणजे ती प्रत्येक घरी आली, असे होत नाही. तेथून पुढची जोडणी भारत संचार निगम, तिचे स्थानिक भागीदार किंवा खाजगी कंपन्या करतात. आपल्या वस्तीपर्यंत त्यांच्यापैकी कोणाची तार येऊ शकते, याची चौकशी प्रथम करावी.

तारेचे कार्य

काचतंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग असते. त्यातून विजेऐवजी प्रकाश वाहतो. मुख्य ठिकाणाहून निघालेला प्रकाश वाटेत विभाजकातून अनेक घरांना वाटला जातो. पाटाच्या पाण्याला जितक्या चाऱ्या फुटाव्यात तितके प्रत्येक शेताला कमी पाणी पोहोचावे, तसाच हा प्रकार आहे. प्रकाशाचे दोन वाटे झाले की प्रत्येक वाट्याला निम्म्याहून किंचित कमी प्रकाश येतो. तारेची लांबी, प्रत्येक सांधा व प्रत्येक तीव्र वळण यांमुळेही प्रकाश घटतो.

घरी पोहोचलेला प्रकाश मापकयंत्रावर डेसिबलच्या उणे आकड्यात दिसतो. उणे चिन्हापुढील आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. तीन आकडे वाढले की प्रकाश निम्मा झाला असे समजावे. साधारणतः उणे १५ ते उणे २५ यांमधील आकडा समाधानकारक होय. उणे २७ च्या आसपास आकडा असल्यास आज जोडणी चालेल, परंतु पुढे एखादा सांधा खराब होताच ती बंद पडेल. म्हणून कारागिराकडून हे माप आपल्या समक्ष घ्यावे व तो आकडा लिहून ठेवावा. पुढे बिघाड झाल्यास तुलनेसाठी तो उपयोगी पडतो.

तार ओढताना घ्यावयाची काळजी

१. घरापर्यंत येणाऱ्या तारेला आधारासाठी बहुधा पोलादी तार जोडलेली असते. काचेतून वीज वाहत नसली तरी पोलादातून ती वाहते. म्हणून ही तार विजेच्या तारांजवळून नेऊ देऊ नये व विजेच्या खांबाला परवानगीवाचून बांधू देऊ नये. यात जिवाला धोका आहे.

२. रस्ता ओलांडताना तार पुरेशी उंच असावी. उसाने भरलेली ट्रॉली अडकून तार तुटल्यास एकाच वेळी अनेक घरांची जोडणी बंद पडते. ज्या बांधावर पाचट किंवा धसकटे जाळली जातात, तेथून तार नेऊ नये.

३. भिंतीचे छिद्र बाहेरच्या बाजूस उतरते ठेवावे. तार आत घेण्यापूर्वी छिद्राखाली एक झोळ सोडावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच निथळून जाते. उंदरांचा उपद्रव असल्यास तार नळीतून घ्यावी.

४. तार कोठेही काटकोनात मोडू नये व तिच्यावर खिळा ठोकू नये. दुरुस्तीसाठी दोन-तीन मीटर जादा तारेचे वेटोळे ठेवावे.

५. तारेच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु इजा करू शकतो. काचेचे बारीक तुकडे गोळा करून मुलांपासून दूर टाकावेत.

यंत्र कोठे ठेवावे

यंत्र घराच्या मध्यभागी, उंचावर व हवेशीर जागी ठेवावे. जाड दगडी भिंती, पत्र्याची कणगी व लोखंडी कपाट यांच्या आड वायफायच्या लहरी क्षीण होतात. वीज गेली की यंत्रही बंद पडते. त्याला लागणारी वीज अल्प असल्याने लहान बॅटरीवर ते काही तास चालू शकते. भारनियमनाच्या गावी ही सोय अवश्य करावी. वादळात विजा चमकू लागल्यास यंत्राची पिन काढून ठेवावी.

करार व तक्रार

पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: अनामत परत मिळते काय, यंत्र कोणाच्या मालकीचे, ठराविक वापरानंतर वेग किती उरतो, व दुरुस्तीस कोण येणार. जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये असतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाईट होत. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

यंत्रावरील ‘लॉस’ हा तांबडा दिवा लागल्यास प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे तार तुटली किंवा मोडली आहे असे समजावे. हा दिवा बंद असून इंटरनेट चालत नसल्यास दोष बहुधा खात्यात किंवा वायफायमध्ये असतो. तक्रार नोंदविताना हा फरक सांगितल्यास कारागीर योग्य साहित्य घेऊन येतो. तक्रारीचा क्रमांक जरूर घ्यावा. निराकरण न झाल्यास त्या क्रमांकाच्या आधारे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

गावकार्यकर्त्यांसाठी

विहिरीची पाइपलाइन किंवा रस्त्याची चारी यंत्राने खोदताना पुरलेली तार तुटण्याचा संभव असतो. खोदकामाची पूर्वसूचना देण्यासाठी २०२३ साली केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे. कार्यकर्त्यांनी ही माहिती गावातील खोदाई यंत्रचालकांना द्यावी. तसेच एखाद्या वस्तीवर जोडणी घेण्यास तयार असलेल्या कुटुंबांची यादी करून ती एकत्रितपणे सादर करावी. एका घरासाठी लांबवर तार ओढणे कंपनीला परवडत नाही, परंतु दहा घरांची मागणी असल्यास तोच खर्च वाटला जातो व दूरच्या वस्तीलाही जोडणी मिळण्याची शक्यता वाढते.