मुंबईच्या झोपडपट्टीतला ॲनिमे हिरो

पूर्णा जंक्शनवर गाडी लेट झाली की बाकावर बसून मोबाइलवर ॲनिमे, हा आपला ठरलेला कार्यक्रम. काल शेजारच्या काकांनी डोकावून विचारलं, “हे कार्टून जपानचंच ना? आपल्याकडचं काही नसतं का यात?”

असतं की काका! ‘सूरज: द राइझिंग स्टार’. डिसेंबर 2012 मध्ये कलर्सवर सुरू झालेली मालिका. मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, ‘क्योजिन नो होशी’, 1966 पासून जपानी साप्ताहिकात आलेली, इक्की काजिवारा यांनी लिहिलेली. तिथला पोरगा बेसबॉल खेळतो. इथे तो मुंबईच्या झोपडपट्टीतला सूरज झाला आणि हातात आला क्रिकेटचा बॉल. बाप मात्र तसाच कडक, पोराला घासून घेणारा. मूळ गोष्टीत हिरोच्या अंगावर सरावासाठी स्प्रिंगांचा पट्टा असतो. आपल्या सूरजला सायकलच्या ट्यूब! मला तर हा बदल मुळापेक्षा भारी वाटतो. पंक्चरच्या दुकानाबाहेर लटकलेल्या ट्यूब बघत मोठं झालेल्यांना तो लगेच पटतो.

‘नारुतो’, ‘वन पीस’ हे ॲनिमे सगळ्यांना पाठ. ‘सूरज’चं नाव काढलं की ग्रुपवर शांतता. तुमच्यापैकी कुणी ही मालिका टीव्हीवर पाहिली होती का रे?