तुमचं ड्रॉइंग आर-टू की आर-थ्री?

मागच्या सुट्टीत मी बदलापूरच्या एका साइटवर ट्रेनिंगला जात होते. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळया मोजत होते. माझ्या ड्रॉइंगमध्ये एका बीमला खाली पाच सळया, बांधलेल्या मात्र तीन! फिटरकाकांना विचारलं, तर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यात खरंच तीनच होत्या. त्यांचा कागद आर-टू, माझा आर-थ्री. नवीन ड्रॉइंग सुपरवायझरच्या मोबाइलवर येऊन पडलं होतं, काकांपर्यंत पोहोचलंच नव्हतं. रात्री जागून सळया वाढवल्या. एकदा काँक्रीट पडलं असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

तेव्हा समजलं की कॉम्प्युटरवर बिल्डिंग काढणं ही अर्धीच गोष्ट. कोणतं ड्रॉइंग शेवटचं, ते कोणी बदललं आणि कोणाला मिळालं, हा हिशोब ठेवणं ही उरलेली अर्धी.

ऑटोकॅडच्या साध्या ड्रॉइंगमध्ये नुसत्या रेघा असतात. प्लॅनमध्ये बीम बदलला तरी सेक्शन आपणच बदलायचा. विसरलो की घोळ. यावर उपाय म्हणजे बिम. हा आपला बीम नव्हे, तर बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग! रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकच मॉडेल असतं. त्यात बीमला आपण बीम आहोत हे ठाऊक असतं. एकदा माप बदललं की प्लॅन, सेक्शन, काँक्रीटचा हिशोब सगळं बदलतं. ड्रेनेजचा पाइप बीममधून जात असेल, तर तो स्क्रीनवरच सापडतो, नंतर ब्रेकर लावावा लागत नाही. नागपूर मेट्रोने तर 'फाइव्ह-डी' बिम वापरलं, म्हणजे मॉडेलला वेळ आणि खर्चही जोडला.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्यांची मिळून एकच फाइलची जागा. आयएसओ 19650 हे 2018 चं स्टँडर्ड फाइलच्या चार अवस्था सांगतं: काम चालू, इतरांना दाखवलेली, वापरायला मंजूर आणि जुनी, जपून ठेवलेली. साइटवर फक्त मंजूर फाइल जायची. सोपं आहे ना?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? आपल्या शेजारी उल्हासनगरात बघा. मे 2021 मध्ये तिथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. 28 मेच्या दुर्घटनेत सात जण गेले. ड्रॉइंग नसल्यामुळे ते पडले असं मी म्हणत नाही. पण जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करताना मूळ ड्रॉइंग लागतंच. नसेल तर रिबाउंड हॅमर मारा, कोअर कापा, मशीनने सळया शोधा, आणि तरी अंदाजच. ज्या शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला 2006 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तिथे किती घरांची खरी ड्रॉइंग्ज सापडतील?

बिल्डिंग पन्नास वर्षं उभी राहते, सुपरवायझरचा मोबाइल दोन वर्षांत बदलतो. म्हणून महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी एवढं करूया: प्रत्येक ड्रॉइंगवर नंबर आणि तारीख घालू, नवीन देताना जुना कागद परत घेऊ, आणि शेवटी जसं बांधलं तसं ड्रॉइंग सोसायटीच्या हाती देऊ.

आणि हो, स्लॅबच्या आदल्या दिवशी फिटरकाकांच्या खिशातला कागद जरूर बघा!