थोरल्या दवाखान्याचा अभ्यास

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे नाव कोल्हापुरात पाटीवर आणि सरकारी कागदावरच पूर्ण लिहिलं जातं. बोलताना सगळे सीपीआर म्हणतात, आणि जुनी माणसं थोरला दवाखाना. गगनबावड्याच्या एसटीतून उतरलेला असो की निपाणीकडून सीमा ओलांडून आलेला, खासगी दवाखान्यात खिसा रिकामा झाला की माणूस शेवटी भाऊसिंगजी रोडवरच्या या काळ्या दगडी इमारतीतच येतो. अशा ठिकाणी संशोधन चालतं, असं सांगितलं तर ओपीडीच्या रांगेतला कुणीही हसेल. पण ते चालतं. कसं चालतं आणि कुठं अडतं, हे बघण्यासारखं आहे.

इमारत संस्थान काळातली. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदानं कोल्हापुरात टाऊन हॉल, नवा राजवाडा आणि हे रुग्णालय अशी कामं आखली. इंग्लंडच्या युवराजाच्या नावावरून रुग्णालयाचं नाव तेव्हा होतं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. याच रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून कोल्हापूर संस्थानानं १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या मार्च १८८६ मध्ये एमडी झाल्या होत्या. नोव्हेंबरात परत आल्या त्या क्षयानं खंगूनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. पुढं शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी इथं स्त्रियांवर उपचार केले.

आनंदीबाईंच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एमडीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला होता, आणि त्याचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. अमेरिकेत बसून या बाईंनी आपल्या घरातल्या बाळंतिणीचा विषय निवडला. तेव्हा आजच्या सीपीआरमध्ये नेमलेली ही स्त्री डॉक्टर प्रबंध लिहून आलेली होती, आणि तोही आपल्या माणसांवर. आज तिथं शिकणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला हे माहीत असायला हवं.

स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं सीपीआर हे जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल होतं. सरकारी वैद्यकीय शिक्षणासाठी कोल्हापूरची मुलं मिरजेला जात. तिथलं शासकीय महाविद्यालय १९६२ चं, आणि त्याच्याही आधी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं मिशनचं रुग्णालय होतं. कसबा बावड्यात १९८९ साली डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि कोल्हापुरातच डॉक्टर व्हायची सोय झाली, पण ती खासगी. या शतकाच्या सुरुवातीला सीपीआरला जोडून राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे, आणि वर्षाला दीडशे मुलं एमबीबीएसला घेतं. शेंडा पार्कात, जिथं एकेकाळी लोक कुष्ठरोग्यांच्या वस्तीमुळं जायला बिचकत, तिथं त्याचा नवा परिसर आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत जिल्ह्याचे स्वॅब याच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासले जात होते.

महाविद्यालय जोडलं गेलं की दवाखान्याचा स्वभाव बदलतो. सिव्हिलमध्ये डॉक्टर रोगी बघतो आणि मोकळा होतो. कॉलेजच्या दवाखान्यात त्याच रोग्याभोवती आधी पाच विद्यार्थी उभे राहतात, आणि शेवटी कुणीतरी विचारतं, असे किती आले? संशोधनाची सुरुवात या 'किती'पासून होते.

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावाच लागतो. पहिल्या काही महिन्यांत विषय ठरतो, बहुधा गाइडच्या सांगण्यावरून. मग सिनॉप्सिस, आणि तो घेऊन एथिक्स कमिटीपुढं हजेरी. २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे या समितीत किमान सात माणसं हवीत, आणि त्यांतली निम्मी तरी संस्थेबाहेरची. एक कायदा जाणणारा, एक बाई आणि एक अगदी सामान्य माणूस असावाच लागतो. हा सामान्य माणूस मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. संमतीपत्राचा मराठी मसुदा त्याला कळला नाही, तर तो राधानगरीच्या म्हाताऱ्याला कळणार नाही. बऱ्याच संमतीपत्रांची मराठी मात्र रेल्वेच्या सूचनेसारखी असते, हेही खरं. 'सदर अभ्यासात सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नाही' यावर अंगठा उठवणाऱ्याला नेमकं काय कळलं, हे कुणी विचारत नाही.

मंजुरी मिळाली की प्रोफॉर्मा छापायचा आणि केस गोळा करायच्या. शंभर, दीडशे, जितक्या ठरल्या असतील तितक्या. रात्रीची ड्यूटी, सकाळचा राउंड, त्यातून वेळ काढून ही भरती चालते. शेवटी पीएसएम, म्हणजे समाजवैद्यक विभागातल्या सरांकडं आकडे घेऊन जायचं, पी व्हॅल्यू काढून घ्यायची, रेक्झिनचं बाइंडिंग करायचं आणि विद्यापीठाला पाठवायचं. परीक्षा झाली की प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. बढतीसाठी शोधनिबंध लागतात, म्हणून शिक्षकांचीही धावपळ असते, आणि धावपळीत लिहिलेला निबंध कसा होतो हे वेगळं सांगायला नको.

तरी मी या प्रबंधांची टर उडवणार नाही. त्यांत नुसती भरती असेल, पण त्या भरतीत जिल्हा असतो. सर्पदंश, कीटकनाशकाचं विष, ऊसतोडणीच्या हंगामातले अपघात, महापुरानंतरचे ताप: हे रोगी मुंबईच्या मोठ्या संस्थेत येत नाहीत, इथं येतात. अडचण प्रोफॉर्माच्या पहिल्या ओळीत आहे.

हिस्टरी घ्यायला शिकवतात तेव्हा नाव, वय, लिंग, पत्ता यांच्या पाठोपाठ व्यवसाय विचारायला शिकवतात. इटलीच्या पादुआ विद्यापीठातल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यकाच्या प्राध्यापकानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यानं एकाची भर घातली: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं झाली. आपल्याकडं त्या रकान्यात तीनच उत्तरं सापडतात: शेती, मजूर, गृहिणी.

महिनाभर ताप उतरत नाही म्हणून आलेली एखादी बाई समोर असते. डॉक्टर विचारतात, "मावशी, काम काय करता?"

"घरातच की."

लिहिलं, गृहिणी. मागं दीडशे माणसं उभी आहेत. पण कुणी सवड काढून पुढचा प्रश्न टाकला, "शेतात जाता का?" तर ऐकू येतं, "मग! भांगलण कोण करायचं? दोन म्हशी हायत, वैरण आणायची, धारा काढायच्या. परवा रेडकू अडलं हुतं, मीच वडून काढलं."

आता गोष्ट बदलली. अडलेल्या म्हशीची सुटका करणाऱ्या हातांना, वार उचलणाऱ्या हातांना ब्रुसेलोसिसचा संसर्ग होऊ शकतो. न तापवलेल्या दुधातूनही तो होतो. लांबलेला ताप, घाम, कंबर आणि सांधे धरणं अशी त्याची लक्षणं, आणि ती टायफॉइडच्या किंवा टीबीच्या खात्यावर सहज जमा होतात. हा गोकुळ दूध संघाचा जिल्हा. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी पिळून धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावणं हा इथल्या पैलवानीचा अभिमान. इथं 'गृहिणी' हे उत्तर पुरत नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं तर विचारूच नका. ओतकामाचे साचे वाळूचे. कास्टिंग थंड झाल्यावर साचा फोडायचा, चिकटलेली वाळू झाडायची, फेटलिंगला ग्राइंडर लावायचा. डोळ्याला दिसते ती धूळ नाक अडवतं. त्रास देतो तो सिलिकाचा न दिसणारा कण, जो फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. वर्षानुवर्षं तो साठला की सिलिकोसिस होतो. एक्स-रेवर तो क्षयासारखा दिसू शकतो, शिवाय सिलिकोसिसच्या माणसाला खरोखरचा क्षयही लवकर धरतो. त्यामुळं टीबीच्या गोळ्या सुरू होतात, दम मात्र तसाच राहतो. व्यवसायापुढं 'मजूर' लिहिलं असेल तर पुढच्या डॉक्टरला भट्टी दिसणारच नाही.

नुकसान फक्त ज्ञानाचं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. तीत सिलिकोसिस आहे, सूतगिरणीच्या तुसानं होणारा बिसिनोसिसही आहे. असा रोगी दिसला की डॉक्टरनं सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. कळवलं नाही तर त्या माणसाच्या भरपाईचा प्रश्न बहुधा उभाच राहत नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस कानाला ऐकू येत नाही म्हणून येतो तेव्हा वय झालं म्हणून त्याची समजूत घातली जाते. आठ तासांच्या कामाला ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा. मागाच्या शेडमध्ये दोन माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात, यावरून काय ते समजा.

इचलकरंजीचं नाव निघालं म्हणून सांगतो. २०१२ साली तिथं काविळीची मोठी साथ आली. ती हिपॅटायटिस ई ची होती, म्हणजे मैल्यानं दूषित झालेल्या पाण्याची. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हा विषाणू फार महागात पडतो. पंचगंगेच्या प्रदूषणावर त्याआधी भाषणं पुष्कळ झाली होती. भाषणांचा आवाज काविळीच्या रोग्यांच्या मोजदादीपुढं थिटा पडला.

मोजण्यानं काय होतं, याचं दुसरं उदाहरण याच जिल्ह्यातलं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापुरात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली निघाल्या ८३९. शाहूंच्या जिल्ह्याला मान खाली घालायला लावणारा आकडा. काही वर्षांनी जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा सायलेंट ऑब्झर्व्हर जोडायला लावला. रेडिऑलॉजिस्ट मंडळी उच्च न्यायालयात गेली, आणि २०११ मध्ये न्यायालयानं जिल्हाधिकाऱ्यांचं पाऊल उचलून धरलं. ते काम दवाखान्यातून नव्हे, कचेरीतून झालं, पण आरोग्याचा अभ्यास म्हणतात तो हाच.

लहान गावातून मोठं संशोधन होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला महाडला पाठवावं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. घाम, उलट्या, चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. त्या क्रमावरून रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी इथं चालेल हे त्यांनी ओळखलं, आणि ते लिहून 'लॅन्सेट'ला पाठवलं. बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदा केलेली एचपीव्ही चाचणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे २००९ मध्ये जगापुढं आलं. या कामांना लागली ती चिकाटी आणि नीट ठेवलेली वही.

वहीच्या बाबतीत सरकारनं मात्र हात आखडला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एचएमआयएस ही संगणक प्रणाली होती, रोग्याचा जुना इतिहास एका क्रमांकावर निघायचा. २०२२ साली कंपनी आणि सरकार यांच्यातल्या वादात ती बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हातानं लिहायची वेळ आली. नंतर दुसरी प्रणाली आली, तोवरची सलगता गेली ती गेली. ओपीडीचा कागद तर रोग्याच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, एक्स-रेच्या घडीत. सीपीआरसमोरच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीतून निघालेल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्तीही. दोन हजार वर्षांपूर्वी इथं रोमचा माल येत होता, हे त्यामुळं आपण छातीठोक सांगतो. रस्त्याच्या अलीकडं मात्र गेल्या वीस वर्षांत भट्टीवरचे किती जण दम लागून आले, हे एका बैठकीत सांगता येईल असा कागद सापडणं कठीण.

शेंडा पार्कात आता अकराशे खाटांच्या रुग्णालयाची आखणी आहे. खाटा हव्यातच. पण तिथं सीटी स्कॅन आणि कॅथलॅबच्या यादीत आणखी दोन गोष्टी लिहाव्यात असं वाटतं: नोंदी सांभाळणारी, पगारी, प्रशिक्षित माणसं, आणि जुन्या प्रबंधांतले आकडे एकत्र आणणारा एक विभाग. यंत्रांच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. निवासी डॉक्टरांनीही विषय निवडताना गाइडच्या जुन्या फायलीपेक्षा ओपीडीच्या रांगेकडं बघावं.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी केसपेपरच्या खिडकीशी किंवा डॉक्टरांसमोर कामाचं विचारलं, तर 'मजूर' म्हणून थांबू नका. फेटलिंगला किती वर्षं आहात, मागावर किती तास उभं राहता, हुपरीत चांदी गाळता का, म्हशी किती आहेत, ते सांगा. डॉक्टर घाईत असतील, तरी लिहून घ्यायला लावा.