सायंकाळची खा-खा : भूक कीं संवय?

शहरांतील सुशिक्षित घरांतून दोन वेळच्या जेवणांचा विचार बराच होतो. परंतु त्या दोहोंच्या मधल्या अवकाशांत जें कांहीं पोटांत जातें, त्याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. दुपारचा चहा आणि त्याबरोबरचें मधल्या वेळचें खाणें ही जुनी व निर्दोष चाल आहे. आक्षेप आहे तो त्यानंतरच्या प्रकाराला. दिवेलागणीपासून पानें मांडीपर्यंत फडताळांतील डबा चार वेळां उघडतो. मूठभर शेंगदाणे, चिमूटभर चिवडा, एखादी चकली, अर्धा लाडू असें येतां-जातां तोंडांत पडत राहतें. आणि पान पुढें आलें म्हणजे ‘आज फारशी भूक नाहीं’ असें सांगून भाजी-भाकरी मागें सारली जाते. रात्रीं निजतांना पश्चात्ताप होतो, उद्यांपासून बंद असा निश्चय होतो, आणि दुसऱ्या दिवशीं साडेसहाच्या सुमारास हात पुन्हां त्याच डब्याकडे वळतो.

ह्या प्रकाराला लोक जिभेचे चोचले म्हणतात, किंवा मनाचा दुबळेपणा म्हणतात. हें निदान अपुरें आहे. आणि निदान चुकलें कीं उपायही चुकतो.

पहिली गोष्ट अशी कीं, सायंकाळीं खाण्याची इच्छा वाढावी ही शरीराचीच रचना आहे. २०१३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १२ निरोगी माणसांना १३ दिवस मंद प्रकाशाच्या प्रयोगशाळेंत ठेवून त्यांच्या झोपेच्या व जेवणाच्या वेळा दिवसरात्रीच्या सर्व प्रहरांवर सारख्या विखुरल्या होत्या. जेवण केव्हांही झालेलें असो, शरीरांतील घड्याळाप्रमाणें सकाळीं ८ च्या सुमारास भूक सर्वांत मंद व रात्रीं ८ च्या सुमारास सर्वांत तीव्र असल्याचें आढळून आलें. गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढही ह्याच क्रमानें कमी-अधिक होत होती.

दुसरी गोष्ट जठराची. १९९९ सालीं कोजिमा व कांगावा ह्या जपानी संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जठरांत निर्माण होणारा घ्रेलिन नांवाचा स्राव शोधून काढला. तो भुकेची वर्दी मेंदूपर्यंत पोंचवितो, हें पुढील संशोधनांत दिसून आलें. जेवणाच्या नेहमींच्या वेळेआधीं तो वाढतो व जेवणानंतर उतरतो. म्हणजे ज्याच्या पोटांत रोज सातला चिवडा जातो, त्याचें शरीर सातची वाट पाहूं लागतें.

तिसरी गोष्ट खुणांची. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह ह्यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न दिसण्यापूर्वींच, तें आणणाऱ्या सेवकाची नुसती चाहूल लागतांच, पाणी सुटे. मनुष्याची स्थिति फारशी निराळी नाहीं. कचेरींतून येऊन चपला काढणें, ठराविक खुर्चींत बसणें, दूरदर्शनसंच सुरू करणें, डब्याच्या झांकणाचा आवाज कानीं पडणें, ह्यांतील प्रत्येक खूण खाण्याची आज्ञाच देते. ती आज्ञा पाळली जाते, ती विचारानें नव्हे. विचार जागा होतो तेव्हां अर्धी बशी संपलेली असते.

ह्यांत बिघडतें काय, असें कोणी विचारील. पन्नास ग्रॅम तळलेल्या शेवेंतून अडीचशेंहून अधिक उष्मांक मिळतात. तेवढेच उष्मांक सुमारें ७५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून मिळतात. परंतु भाकरी मोजून खाल्ली जाते, शेव मोजली जात नाहीं. शिवाय साखर जिरविण्याची शरीराची शक्ति सकाळच्या मानानें सायंकाळनंतर मंदावते. पहिलें अन्न जिरलें नसतां त्यावर पुन्हां खाणें ह्याला आयुर्वेदांत ‘अध्यशन’ असें नांव असून तें दोषांत गणलें आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला अंदाज असा कीं, देशांत सुमारें १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी सुमारें १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. ह्या रोगाचीं कारणें अनेक आहेत. तथापि अशा देशांत फडताळांतील डब्याकडे केवळ गमतीनें पाहून चालणार नाहीं.

उपायाकडे वळण्यापूर्वीं खरी भूक आणि संवयीची हांक ह्यांतील भेद ओळखला पाहिजे. त्याची कसोटी सोपी आहे. समोर साधी भाकरी व वाटीभर वरण ठेवलें असतां तें खावेंसें वाटलें, तर ती भूक. भाकरी नको, चिवडाच हवा, असें वाटलें, तर ती बहुधा संवय. खऱ्या भुकेला दटावणें हा अन्याय होय. मैदानावरून खेळून आलेलें मूल, गर्भवती स्त्री, दुपारीं बाराला डबा खाऊन रात्रीं नवाला जेवणारा नोकरदार, ह्यांना सायंकाळीं अन्न लागतेंच. अपुरी झोपही भूक वाढविते. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठांतील एका प्रयोगांत १२ तरुणांना दोन रात्रीं चार-चार तासच झोपूं दिलें, तेव्हां दहा तास झोपण्याची सवड मिळालेल्या दिवसांच्या मानानें त्यांची भूक सुमारें २४ टक्क्यांनीं अधिक भरली.

परंतु भुकेलेल्यांच्या ह्या यादींत गृहिणीचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. सर्वांना वाढून उरलें-सुरलें खाणारी, संकष्टीचा उपवास आणि दिवसाचीं कामें दोन्ही सांभाळणारी बाई सायंकाळीं ओट्यापाशीं उभ्या उभ्या चार दाणे तोंडांत टाकते, तें चोचले म्हणून नव्हे. दुपारचें तिचें जेवणच अपुरें झालेलें असतें. डब्याला कुलूप लावणें हा तिच्यावर उपाय नव्हे. तिचें पान इतरांच्या पानाबरोबर मांडणें हा उपाय होय.

भूक भागवूनही जी संवय उरते, तिच्याशीं युक्तीनें वागावें लागतें. दुपारच्या जेवणांत उसळ, घट्ट वरण, ताक, कोशिंबीर ह्यांना पुरेसें स्थान द्यावें. अशा जेवणाचा आधार सायंकाळपर्यंत पुरतो. मधल्या वेळीं खावयाचें तें एकदांच, ठराविक वेळीं, बशींत काढून व बसून खावें. डब्यांतून थेट तोंडांत कांहीं जाऊं नये. एखादें फळ, भाजलेले चणे किंवा वाटीभर भिजविलेले मूग ह्यांवर काम भागतें. फराळाचे डबे डोळ्यांसमोरून हलवून उंच फळीवर ठेवावे, आणि बाजारांतून तळलेले जिन्नस आणतांना माप अर्ध्यावर आणावें. जो पदार्थ काढण्यासाठीं स्टूल आणावें लागतें, त्याची आठवण कमी वेळां होते.

मात्र नुसतें काढून घेणें पुरत नाहीं, कारण संवय आपली जागा रिकामी राहूं देत नाहीं. जी वेळ खाण्यानें भरली होती, ती दुसऱ्या कशानें तरी भरावी लागते. सातला फिरावयास जावें, मुलांचा अभ्यास घ्यावा, भाजी निवडावी, पेटीवर बसावें. हातांना काम आणि पायांना दुसरी जागा मिळाली कीं जुन्या खुणा मुक्या होऊं लागतात. रात्रीचें जेवण नवावरून आठावर आणतां आलें, तर अर्धें काम आपोआप होतें.

ह्याला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ९६ लोकांनीं प्रत्येकीं एक नवी संवय लावण्याचा यत्न केला. ती अंगवळणीं पडण्यास कोणाला १८ दिवसच पुरावेत, तर कोणाला २५४ लागावेत, असें गणित निघालें. मध्यम प्रमाण ६६ दिवसांचें होतें. त्यांतच असेंही दिसलें कीं, एखादा दिवस चुकल्यानें केलेलें काम वायां जात नाहीं. तेव्हां सोमवारीं शपथ घेऊन बुधवारीं ती मोडली म्हणून सर्वच सोडून देण्याचें कारण नाहीं. गुरुवार मोकळाच असतो.

शेवटीं, ही सुधारणा एकट्याची होऊं शकत नाहीं. मधुमेही आजोबांपुढची बशी उचलावी आणि बाकीच्या मंडळींनीं त्याच खोलींत भजीं खात बसावें, ह्यानें पथ्य साधत नाहीं; आजोबा लपून खावयास शिकतात. त्यांतून जे इन्सुलीन किंवा साखर उतरविण्याच्या गोळ्या घेतात, त्यांनीं मधलें खाणें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून एकाएकीं बंद करूं नये. साखर धोक्याइतकी खालीं जाऊं शकते. पुष्कळ घरांत सायंकाळची बशी हें सर्वांनीं एकत्र बसण्याचें एकुलतें निमित्त असतें, हेंही विसरतां येत नाहीं. बशी गेली आणि बसणेंही गेलें, तर तो सौदा तोट्याचा ठरेल. म्हणून डबा वर ठेवतांना पानें तासभर आधीं मांडावीं, आणि घरांतील एकूणएक मनुष्य, वाढणारीसुद्धां, त्या पंक्तीला बसावा.