सिम दहा वर्षं जुनं, पण त्यात पैसे वाचले का?

नवलाख उंबऱ्यात आणि खाली तळेगावपर्यंत एक प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. "आम्ही इतकी वर्षं याच कंपनीचे ग्राहक आहोत, मग आम्हाला काही सूट नको का?" एमआयडीसीत कामाला जाणारी मुलं विचारतात, घरातल्या अम्मी-आपाही विचारतात. प्रश्न रास्त आहे. किराणा दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी करतो, उधारीही देतो. मोबाइल कंपनीही तसं करत असेल असं माणसाला वाटतं.

आमचं उत्तर सरळ आहे : प्रीपेडमध्ये निष्ठेला भाव नाही. 28 दिवसांचं रिचार्ज कालच सिम घेतलेल्याला जेवढ्याला पडतं, साधारण तेवढ्यालाच दहा वर्षांच्या ग्राहकाला पडतं. आणि दर वाढले की दोघांचेही वाढतात. जुलै 2024 ची दरवाढ आठवा. जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 239 वरून 299 झाला. वर्षात असे 13 रिचार्ज होतात, म्हणजे एका नंबरमागे 780 रुपये जादा. घरात चार नंबर असतील तर तीन हजारांच्या वर. जुना ग्राहक म्हणून यातला एक रुपयाही कुणाला सुटला नाही. एअरटेल आणि व्हीआयनेही त्याच आठवड्यात दर वाढवले.

वर्षाचे महिने 12 आणि रिचार्ज 13, हे गणित बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. 28 गुणिले 13 म्हणजे 364. महिन्याचा पगार घेणाऱ्याला हा तेरावा रिचार्ज गुपचूप बसतो. म्हणूनच ट्रायने 2022 मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला करता येईल असा प्लॅन ठेवायला लावला. हे प्लॅन आहेत, पण दुकानदार ते आपणहून पुढे करत नाही. मागावे लागतात.

मग कंपनी बदलली तर वाचतं का? इथे थोडं थांबू. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 ला सुरू झाली. तेव्हा बाजारात आयडिया, व्होडाफोन, टाटा डोकोमो, एअरसेल, युनिनॉर अशी गर्दी होती. एकाने सेकंदाचा हिशेब आणला की दुसऱ्यालाही आणावा लागे. आज खासगी कंपन्या तीनच उरल्यात आणि चौथी सरकारी बीएसएनएल. तिन्ही खासगींचे दर इतके जवळ असतात की इकडून तिकडे गेल्याने फार काही हाती लागत नाही. खरा फरक बीएसएनएलमध्ये पडतो. म्हणून 2024 च्या जुलैत, त्या एकाच महिन्यात, बीएसएनएलला जवळपास 29 लाख ग्राहक मिळाले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले. पुढे दर तेवढेच स्वस्त असूनही बीएसएनएलचा हा ओघ टिकला नाही, कारण लोकांना रेंजही लागते.

आपल्या भागात रेंजची गोष्ट मोठी आहे. तळेगाव स्टेशनला फुल दांडे आणि आंदर मावळात आत गेलं की एकही नाही, हे नवं नाही. स्वस्त सिम घेऊन फोनच लागत नसेल तर वाचलेले शंभर रुपये काय कामाचे? कंपन्यांना आता कुठे कुठलं नेटवर्क आहे याचा नकाशा आपल्या वेबसाइटवर द्यावा लागतो. तो बघा, पण त्यावरच विसंबू नका. शेजारच्या खोलीत त्या कंपनीचं सिम वापरणाऱ्याला विचारा, आणि तेही घरात आत, भिंतीआड बसून लागतं का ते.

एक गंमत मात्र सांगायला हवी. आमच्यातल्या एकाने वैतागून पोर्टचा मेसेज पाठवला. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फोन आला, "सर, जाऊ नका, तुमच्यासाठी खास ऑफर आहे." इतकी वर्षं गप्प राहिला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं! अशा निवडक ग्राहकांना दिलेल्या ऑफरवरून ट्राय आणि कंपन्यांत बराच काळ वाद चालला. नोव्हेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपन्यांना या ऑफरची माहिती ट्रायला द्यायला सांगितली. ब्रिटनमध्ये तर सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने 2018 मध्ये थेट तक्रारच केली होती की मोबाइल, ब्रॉडबँड, विमा अशा सेवांत जुने ग्राहक निष्ठेचा दंड भरतात. थोडक्यात, जाणाऱ्याला सवलत आणि राहणाऱ्याला पूर्ण दर, ही रीत सगळीकडचीच दिसते.

आता पैसे खरंच कुठे वाचतात ते बघू. आमच्या मते कंपनीपेक्षा प्लॅन बघावा. दरवाढीनंतर जिओचा तोच रोज दीड जीबीचा 84 दिवसांचा प्लॅन 799 ला झाला. 299 चे तीन रिचार्ज केले तर 897. म्हणजे 98 रुपयांचा फरक. पण रोजंदारीवरच्या माणसाकडे एकदम आठशे रुपये नसतात, म्हणून तोच जास्त भरतो. हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं.

दुसरी बचत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर आहे. बटणाचा फोन, नेट लागत नाही, तरी डेटाचा प्लॅन मारला जातो. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन सक्तीचे केले, आणि जानेवारी 2025 मध्ये ते आले. एअरटेलने 84 दिवसांचा 469 ला आणि वर्षाचा 1849 ला ठेवला, जिओने 84 दिवसांचा 448 ला. दादीच्या फोनवर 299 चे 13 रिचार्ज केले तर 3887 रुपये जातात. त्याऐवजी 1849 चा प्लॅन घेतला तर एका नंबरमागे दोन हजारांच्या वर वाचतात. कंपनी बदलून इतकं क्वचितच वाचेल. तेव्हापासून दर बदललेले असू शकतात, त्यामुळे रिचार्ज करण्याआधी ॲपमध्ये एकदा बघून घ्या.

तिसरं, बंद पडलेलं दुसरं सिम. बँकेच्या ओटीपीपुरतं ठेवलेलं, किंवा आखाती देशात गेलेल्या भावाचं. नियम असा की 90 दिवस काहीच वापर झाला नाही तरी प्रीपेड खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर नंबर लगेच बंद करता येत नाही, त्या 20 रुपयांतून मुदत वाढते. पण एवढ्यावर येणारे-जाणारे कॉल आणि ओटीपी चालू राहतीलच असं नाही, ते कंपनीला विचारून घ्यावं.

आणि बदलायचंच ठरवलं तर : इंग्रजीत पोर्ट, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज 1900 वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. सिम हरवून नुकतंच नवीन घेतलं असेल तर 1 जुलै 2024 पासून सात दिवस थांबावं लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तीन कामाचे दिवस लागतात, बिहार-उत्तर प्रदेशातलं सिम इथलं करायचं असेल तर पाच. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, ते बुडतात. म्हणून 84 दिवसांचं मारल्यावर दहाव्या दिवशी रागाने पोर्ट करू नका. मुदत संपत आली की मग मेसेज पाठवा.