व्यायामाच्या दिवशी दोन घास जास्त?

वजन कमी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला पडणारा प्रश्न आणि त्यामागचा हिशेब

पहाटे यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, पोलीस भरतीसाठी घाम गाळणारी तरुण मुले-मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि सेकंदासेकंदाला गुण असतात. दुसरी, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली नोकरदार आणि व्यापारी मंडळी. डॉक्टरांनी 'वजन उतरवा' असे बजावल्यामुळे ती चालायला आलेली असतात. ऊन चढू लागले की दोघेही घराकडे वळतात. वाटेत पोहे-तर्रीचा वास येतो आणि चालणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतोच, "आज चाललो आहे, तेव्हा आज चालेल!"

खरोखरच चालते का? व्यायामाच्या दिवशी शरीराची गरज वाढते, मग खाणेही वाढवू नये काय? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर मैदानावरच्या या दोन गटांसाठी एकच नाही.

चालण्याची खरी कमाई

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन आपली आहारपद्धती मांडली. तिच्यामुळे एक माप महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. ते म्हणजे ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. तेच उदाहरण घेऊ. ७० किलो वजनाचा माणूस या वेगाने चालला, तर त्या पाऊण तासात साधारण अडीचशे किलोकॅलरी खर्च होतात. पण तोच माणूस त्या वेळी घरी खुर्चीत बसून राहिला असता, तरी श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण आदी क्रियांसाठी पन्नास-साठ किलोकॅलरी लागल्याच असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई सुमारे दोनशे. मनगटावरच्या घड्याळात किंवा ट्रेडमिलवर दिसणारा आकडा अनेकदा याहून बराच फुगलेला असतो.

आता खर्चाकडे पाहू. एक आलूबोंडा आणि साखर घातलेला दुधाचा चहा यांतून, आकारानुसार, सव्वादोनशे ते तीनशे किलोकॅलरी पोटात जातात. खायला पाच मिनिटे पुरतात. आठवड्यातून पाच दिवस चालणाऱ्याने हजारभर किलोकॅलरी कमावल्या आणि पाचही दिवशी हे 'बक्षीस' घेतले, तर कमाई तर संपतेच, वर थोडी उधारीही राहते. 'इतके चालूनही वजन हलत नाही' या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा येथे असते.

ताट शेतकऱ्याचे, काम खुर्चीचे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांच्या ऊर्जेच्या गरजेचे सुधारित आकडे दिले. ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात. मध्यम श्रमाला २७१०, तर कष्टाच्या कामाला ३४७०. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १६६०, २१३० आणि २७२० असे आहेत.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात या आकड्यांना चेहरे आहेत. डवरणी, निंदण, कापसाची वेचणी ही कामे दिवसभराची. कमरेला ओटी बांधून सकाळपासून उन्हात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या शिदोरीतल्या भाकरी, ठेचा आणि वरण यांतला प्रत्येक घास श्रमात जळतो. तिने कामाच्या दिवशी जास्त खाल्लेच पाहिजे. पण याच घरांतली पुढची पिढी शहरात आली, दुचाकीवरून कार्यालयात जाऊ लागली आणि ताट मात्र आजोबांचेच राहिले. बैठ्या आणि मध्यम श्रमाच्या गरजेत सहाशे किलोकॅलरींचे अंतर आहे. पाऊण तासाच्या चालण्याने त्याचा जेमतेम एक-तृतीयांश भरून निघतो. तेवढ्याने बैठा माणूस कष्टकरी होत नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. आहारतज्ज्ञाने तक्ता देतानाच 'तुम्ही रोज चालता' हे गृहीत धरलेले असते. त्यावर पुन्हा चालण्याच्या नावाने वाढीव खाल्ले, तर एकच खर्च दोनदा मांडला जातो.

शरीर काटकसरी आहे

शरीर स्वतःही हिशेब जुळवीत असते. टांझानियातील हाड्झा हे शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसभर चालतात. २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. शरीराचे आकारमान लक्षात घेता तो शहरी पाश्चात्त्य माणसांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. एकीकडे श्रम वाढले की शरीर दुसरीकडे बचत करते, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला. ही बचत नेमकी किती, यावर मतभेद आहेत. पण सकाळी जोरात चालून दुपारी जरा जास्तच लवंडणे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीने जाणे हा अनुभव आपल्यालाही आहेच.

म्हणून व्यायाम व्यर्थ ठरत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या देहातही चरबी दडलेली असते आणि स्नायू कमी असतात. मधुमेहाचा धोका त्यातूनच वाढतो. व्यायामाचे मोल वजनकाट्यापेक्षा स्नायूंत, रक्तातील साखरेत आणि कमरेच्या घेरात शोधावे.

मग जास्त कोणी खावे?

पाऊण तास चालणे, हलकी योगासने किंवा सावकाश सायकल चालवणे झाले असेल, तर वेगळे काही खाण्याची गरज नाही. नेहमीचेच जेवण व्यायामानंतर वेळेवर घ्यावे. तासाभराहून अधिक धावणे, वजने उचलणे किंवा आखाड्यात मेहनत करणे असेल, तर दीडशे ते अडीचशे किलोकॅलरींची भर रास्त आहे. ती तळलेल्या पदार्थांतून न येता एखादी ज्वारीची भाकर, वाटीभर घट्ट वरण, उसळ, दही किंवा अंडी यांतून यावी. वजन घटताना स्नायू टिकवायचे असतील, तर प्रथिने कमी पडून चालत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांनी उपाशीपोटी धावून वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये. सतत थकवा, झोप न लागणे, वेळ सुधारण्याऐवजी बिघडणे, मुलींमध्ये पाळी अनियमित होणे ही खाणे कमी पडत असल्याची लक्षणे असू शकतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी तर रिकाम्या पोटी व्यायाम करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. त्यांच्यासाठी दोन घास जास्त की कमी हा वजनापुरता प्रश्न राहत नाही, रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा तहान आणि भूक यांची गल्लत सहज होते. फिरून आल्यावर आधी पाणी, मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी घ्यावे आणि पंधरा मिनिटे थांबून मग भूक तपासावी. त्याच दिवशी काट्यावर दिसलेली अर्ध्या-पाऊण किलोची घट बहुतांशी पाण्याची असते. तिच्या आनंदात मिठाई खाऊ नये.

हिशेब आठवड्याचा ठेवावा

शरीर रोज रात्री वही बंद करीत नाही. कठोर व्यायामाची भूक कधी दुसऱ्या दिवशीही लागते. म्हणून एका दिवसाच्या घासांपेक्षा आठवड्याची सरासरी पाहावी. सकाळी ठरावीक वेळी वजन करावे, महिन्यातून दोनदा कमरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९०, तर स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत तो असावा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन उतरत असेल आणि उत्साह टिकून असेल, तर ताट बदलू नये. घट आठवड्याला किलोहून अधिक असेल आणि अंगात त्राण वाटत नसेल, तर खाणे थोडे वाढवावे. तीन-चार आठवडे काटा हललाच नाही, तर चालण्याला दोष देण्यापूर्वी चालून झाल्यावरचा चहा आणि त्यासोबतची बशी तपासावी.