नीट पुन्हा द्यायची का? ठरवण्याआधी विचारायचे चार प्रश्न

नीट परीक्षेचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत कोणीतरी ताई हमखास म्हणते, "आमच्या पोरीचं थोडक्यात हुकलं. क्लासचे सर म्हणतात, एक वर्ष रिपीट करा, नंबर लागेल. गटातून कर्ज मिळेल का?" कर्जाचं उत्तर देण्याआधी रिपीटचं उत्तर शोधायला हवं. ते कसं शोधायचं, हे आज सांगतो.

आधी परीक्षा समजून घेऊ. बारावी सायन्सनंतर एमबीबीएसला जायचं तर नीट द्यावीच लागते. दातांचे डॉक्टर, आयुर्वेदाचं बीएएमएस, होमिओपॅथीचं बीएचएमएस आणि आपल्याकडचा जनावरांच्या डॉक्टरचा अभ्यासक्रम, यांचे प्रवेशही नीटवरच होतात. पेपर ७२० गुणांचा. प्रश्न १८०, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे आणि ४५ रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं तर १ गुण कापतात, सोडून दिलं तर काहीच नाही. पेपर मराठीतही घेता येतो.

ही परीक्षा कितीही वेळा देता येते. वयाची वरची मर्यादा २०२२ साली काढून टाकली. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एका वर्षाचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. पुढच्या वर्षी पुन्हा दिली तर नवेच गुण धरले जातात, मग ते जुन्यापेक्षा कमी का असेनात. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनला वर्षात दोनदा बसता येतं आणि त्यातला चांगला निकाल धरतात. नीटला तशी सोय नाही. म्हणून रिपीट म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात.

दुसरी गोष्ट, 'पास' होणं आणि 'नंबर लागणं' यात फार अंतर आहे. २०२५ साली खुल्या गटाला पात्र ठरायला १४४ गुण पुरले. पण तेवढ्यावर सरकारी कॉलेजात एमबीबीएसला जागा मिळत नाही. २०२४ साली देशभरात तेवीस लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्यातही सरकारी जागा साधारण निम्म्या. म्हणजे नंबर न लागलेली मुलं वीस लाखांवर होती. ती सगळी काही 'ढ' नव्हती. हे पोरीला आपल्या तोंडून ऐकू द्या.

आता पहिला प्रश्न: खरोखर किती अंतर राहिलं? 'थोडक्यात हुकलं' हा शब्द नुसता ऐकू नका, आकडा मागा. राज्याच्या सीईटी सेलच्या वेबसाइटवर मागच्या प्रवेशाच्या याद्या असतात. आपल्या प्रवर्गात सरकारी कॉलेजची शेवटची जागा कोणत्या रँकला गेली ते पाहा आणि पोरीच्या रँकशेजारी मांडा. गुणांची तुलना करू नका, रँकची करा. कारण पेपर दर वर्षी सारखा नसतो. २०२४ साली बऱ्याच मुलांना ७२० पैकी ७२० मिळाले, तर २०२५ साली देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. त्यामुळे "मागच्या वर्षी अमक्याला इतक्या गुणांवर लागला" या बोलण्याला अर्थ राहत नाही.

दुसरा प्रश्न: गुण कुठे गेले? परीक्षा घेणारी संस्था मुलांच्या उत्तरपत्रिकेची प्रत आणि बरोबर उत्तरांची यादी देते. ती घेऊन पोरीने स्वतः बसावं आणि चुकांच्या तीन रकाने करावेत: येतच नव्हतं ते, येत होतं पण घाईत चुकलं ते, आणि अंदाजाने ठोकलं ते. एक हिशोब करून बघा. समजा, पोरीने १७० प्रश्न सोडवले. १०० बरोबर आले, ७० चुकले. चारशेतून सत्तर गेले, उरले ३३०. त्या सत्तरातले चाळीस अंदाजाने ठोकलेले असले आणि ते सोडून दिले असते, तर तेवढ्यानेच ३७० झाले असते. घाईत चुकलेले दहा बरोबर आले असते, तर प्रत्येकी पाच गुणांचा फरक पडून आणखी ५० वाढले असते. असं असेल तर पुढच्या वर्षी गुण वाढायला जागा आहे. पण भौतिकशास्त्राचे निम्मे धडेच समजलेले नसतील, तर तेच पुस्तक, तोच क्लास, तीच पद्धत ठेवून निकाल कसा बदलेल?

म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: या वर्षी वेगळं काय होणार? "जास्त अभ्यास करीन" हे उत्तर पुरेसं नाही. मागच्या वर्षी बोर्डाची परीक्षा आणि नीट एकाच वेळी होती, आता फक्त नीट आहे, हे उत्तर चालेल. आजारपण होतं, घरात दुःख झालं होतं, क्लास डिसेंबरमध्ये मिळाला, ही उत्तरंही चालतील. घरी धुणीभांडी, लहान भावंडं, शेतातली मजुरी करून रात्री अभ्यास होत होता आणि यंदाही तेच राहणार असेल, तर नुसती फी भरून काही होणार नाही. पोरीला घरी ठेवून रिपीट करायला लावलं आणि 'घरीच तर आहेस' म्हणून सगळी कामं तिच्यावर टाकली, तर ते वर्ष अभ्यासाचं राहत नाही. मुलाला लातूरला पाठवतो आणि मुलीला "बघ एखादं वर्ष, नाहीतर स्थळ आलंच आहे" म्हणतो, हेही आपण बघतो. रिपीटचं वर्ष द्यायचं असेल तर पूर्ण द्या. मध्येच पाहुणे बोलावू नका.

आणि हे उत्तर पोरीने द्यायचं आहे. बापाने, मामाने किंवा क्लासवाल्याने नाही. तिला आठ दिवस द्या. तिला पुन्हा बसायचंच नसेल तर तेही उत्तरच आहे.

चौथा प्रश्न पैशाचा. क्लासची फी हा खर्चाचा एक भाग झाला. खोली, मेस, पुस्तकं, सराव परीक्षा, महिन्याला घरी येण्याजाण्याचं भाडं, असं सगळं एका कागदावर लिहा. त्यावर गटाचं व्याज धरा. मग विचारा: नंबर नाही लागला तरी हा हप्ता आपण फेडू शकतो का? फेडू शकत असाल तरच कर्ज घ्या. पुढे कॉलेजच्या फीला लागणारे पैसे आजच संपवू नका. दागिना मोडून किंवा जमीन गहाण टाकून रिपीट करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या ओझ्याखाली पोरगी पेपरला बसते, तेव्हा प्रत्येक प्रश्नात तिला आईचं मंगळसूत्र दिसतं.

क्लास निवडताना "शंभर टक्के नंबर" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत क्लाससाठी सूचना काढल्या आहेत. रँकची हमी देणारी जाहिरात करू नये आणि मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं त्यात आहे. म्हणून पावती घ्याच, आणि फी टप्प्याटप्प्याने भरता येते का ते आधी विचारा.

रिपीट ठरवण्याआधी यंदाचा प्रवेशही हातचा सोडू नका. नीट दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. राज्यातल्या जागांसाठी सीईटी सेलकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ती करा, फेऱ्या पाहा, काय मिळतंय ते कळू द्या. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढला. प्रवेश सरकारी फेऱ्यांतून झालेला असावा, ही अट आहे. बीएएमएस, नर्सिंग, फार्मसी, शेतकी पदवी हे रस्ते 'उरलेले' नाहीत. गावाला नर्स आणि फार्मासिस्ट दोन्ही लागतात. फक्त एखाद्या ठिकाणी प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी सोडायचा विचार असेल, तर फी किती परत मिळेल आणि मूळ कागदपत्रं कधी मिळतील, हे सही करण्याआधी विचारा.

रिपीट ठरलंच, तर तीन गोष्टी करा. एक, ही शेवटची वेळ की आणखी एक, हे आत्ताच ठरवा आणि मग शब्द फिरवू नका. दोन, या वर्षात जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे दाखले पूर्ण करा. प्रवेशाच्या वेळी वर्षभराच्या खंडाचं प्रतिज्ञापत्रही लागतं. दाखल्यावाचून आलेली जागा जाऊ नये. तीन, पोरीकडे लक्ष ठेवा. जेवण कमी झालं, झोप उडाली, बोलणं बंद झालं, "माझ्यामुळे पैसे वाया गेले" असं म्हणू लागली, तर गुणांचं बोलणं थांबवा आणि तिच्याजवळ बसा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा फुकट नंबर आहे. तिथे दिवसरात्र बोलता येतं. गटातल्या प्रत्येकीने तो आपल्या फोनमध्ये ठेवावा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कोणी रिपीटसाठी कर्ज मागितलं, तर सचिवाने हे चार प्रश्न वाचून दाखवावेत: अंतर किती, गुण कुठे गेले, यंदा वेगळं काय, आणि नंबर नाही लागला तरी फेडता येईल का. जमलं तर पोरीलाही बैठकीला बोलवा आणि तिचं म्हणणं ऐका. चारही उत्तरं नीट आली तर गटाने बिनधास्त तिच्या पाठीशी उभं राहावं. नाही आली तर त्याच बैठकीत तिच्यासाठी दुसरा रस्ता शोधायला बसावं. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.